घासूनपुसून ठेवलेली बंदूक

माझ्या मामाच्या तळघरात एक हिरवं लोखंडी कपाट आहे. त्यात बंदुका उभ्या करायला दहा खाचा आहेत. नऊ भरलेल्या, दहावी रिकामी. मला समजायला लागल्यापासून ती रिकामीच. मामीने एकदा तिथे छत्री ठेवली होती. मामाने ती वर नेऊन दाराशी टेकवली आणि त्या संध्याकाळी जेवताना मीठसुद्धा मागितलं नाही. तेव्हापासून छत्री दाराशीच असते.

मामाचं नाव रेजिस हुडाक. पेनसिल्वेनियाच्या आमच्या या डोंगरपट्ट्यात हुडाक ढिगाने आहेत, म्हणून त्याला ‘बसवाला रेजिस’ म्हणतात. आयुष्यभर त्याने शाळेची पिवळी बस चालवली. गावातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी त्याचा ओरडा खाल्लेला आहे. मी भाचा, म्हणून मला दोन शब्द जास्तच मिळायचे.

बंदूक इथे घरोघरी असते. हरणांचा मोसम सुरू होतो त्या दिवशी शाळेला सुट्टी असते, कारण ठेवली शाळा तरी येणार कोण? पण शिकारीची बंदूक वेगळी आणि संग्रहातली वेगळी. कामावरचे बूट आणि चर्चला जायचे बूट यांत असतो तेवढा फरक मामा त्यात करतो. शिकारीची त्याची एक साधी रायफल होती, ती थोरल्या मुलाला देऊन टाकली. कपाटातल्या नऊ मात्र त्याने कधी झाडल्या नाहीत. महिन्यातून एकदा बाहेर काढायच्या, दिव्याखाली धरायच्या, परत ठेवायच्या. कपाटात दमट हवा राहू नये म्हणून एक विजेची कांडी लावलेली आहे. मामी म्हणते, घरात सर्वांत सुखी हवामान त्या कपाटात आहे.

घरखर्चाच्या पैशाला हात लावायचा नाही हा मामीचा कायदा. म्हणून मामा देवदाराच्या लाकडाच्या छोट्या डब्या बनवतो. झाकण घासलं की त्यातून टर्की पक्ष्याच्या मादीसारखा आवाज निघतो आणि नर टर्की फसतो. वसंतात शिकारी त्या विकत घेतात. ते पैसे कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात जातात. डबा भरायला दोन-तीन वर्षं लागतात. भरला, की पुढची बंदूक कोणती ही निवड सुरू होते, आणि निवड हाच मामाचा खरा छंद. विकत घेतलं की छंद संपतो, म्हणून तो ते होईल तितकं लांबवतो.

बंदुकांच्या बाजारात त्याच्याबरोबर हिंडणं म्हणजे तंगडतोड. टेबलामागचा विक्रेता सांगायला लागतो, ही अमक्या लढाईत होती, ही तमक्या दरोडेखोराची. मामा ऐकून घेतो आणि विचारतो, “गोष्ट वेगळी बांधून देणार, की बंदुकीबरोबर फुकट?” मग चष्मा कपाळावर सारून स्क्रू बघतो. स्क्रूच्या खाचा चेपलेल्या दिसल्या की कुणीतरी घरी उघडून खेळ केलाय, पुढे चला. आणि चकाकी दिसली तर तो थांबतसुद्धा नाही. हाताच्या घामाने, पावसाने, वर्षानुवर्षांच्या वापराने लोखंडावर जो तपकिरी रंग चढतो, तीच या लोकांची दौलत. तो घासून काढला की बंदूक उरते, किंमत जाते. नवखा माणूस जुनी बंदूक आणतो आणि पहिल्याच रविवारी ती घासायला बसतो. तसलं काही दिसलं की मामा टोपी काढतो, मयताला काढतात तशी.

तर दहावी खाच. कपाटात जागा दहांचीच, दुसरं कपाट येणार नाही असं मामीने सांगून ठेवलेलं. म्हणजे दहावी ही शेवटची. आणि ती कोणती, हे मामाने फार पूर्वी ठरवलं होतं: मेट्रो युर्कोची.

मेट्रो मागच्या गल्लीत राहायचा. खाणीत होता, खाण बंद पडल्यावर कुठेच नव्हता. त्याच्या आजोबाने खाणीतल्या पहिल्या कमाईतून घेतलेली रायफल त्याच्याकडे होती. नळी आठ कोनांची, चापाखालची कडी खाली-वर केली की काडतूस आत सरकतं, तशा जातीची. आजोबाने, बापाने आणि मेट्रोने तिच्याच गोळीने हरणं मारली. चालताना ती जिथे धरायची तिथे लोखंड राखाडी झालेलं, बाकी सगळी खारकेसारखी तपकिरी. दस्त्यावर आजोबाने चाकूने आपली अक्षरं कोरलेली, वेडीवाकडी.

मामा दर मोसमात विचारायचा. मेट्रोचं उत्तर ठरलेलं, “मी मेलो की ओल्गाला विचार. तोवर नाही.” ओल्गा म्हणजे त्याची बायको.

पुढच्या मोसमात मामा दारात उभा राहून विचारायचा, “मेलास का?”

“अजून नाही. बीअर घेणार?”

असं चाललं होतं. गेल्या जानेवारीत मेट्रो खरंच मेला. मामाने शवपेटीला खांदा दिला. बाहेर येतानाच स्टशने, म्हणजे मामाच्या कायमच्या कॉफीच्या जोडीदाराने, हळूच विचारलं, “काय मग, विचारणार कधी?”

“माती तरी बसू दे रे गाढवा.”

माती बसायला मामाने चांगले दोन महिने दिले. या काळात वेंडेल नावाच्या व्यापाऱ्याने त्याला दुसरी एक रायफल दाखवली. त्याच जातीची, आठ कोनांची, व्यवस्थित मळकी, डब्यातल्या पैशांत बसणारी. मामाने स्क्रू बघितले, मान डोलावली आणि म्हणाला, “चांगली आहे. माझी नाही.”

शेवटी विचारावं लागलंच नाही. ईस्टरआधीच्या उपासाचे शुक्रवार चालू होते. चर्चच्या तळघरात मासे तळले जात होते, आणि बटाटा भरलेल्या पिरोगींच्या टेबलामागे ओल्गा युर्को उभी होती. मामाच्या ताटात पिरोगी वाढता वाढता ती म्हणाली, “रेजिस, तुला मेट्रोची ती बंदूक हवीय ना?”

मामाचं ताट कललं. “हवीय.”

“नऊशे. माझा पुतण्या म्हणतो, एवढी येते.”

“येते,” मामा म्हणाला. जास्तही येते, हेही त्याने सांगितलं. ती म्हणाली, जास्त नको, मेट्रोला चाललं नसतं.

“ईस्टर झाला की ये घेऊन जायला. तोवर मला सगळं आवरायचंय.”

आवरायचंय म्हणजे घर, असं मामाला वाटलं. मलाही. ओल्गा युर्को रस्त्यावरच्या पायऱ्या ब्रशने घासते हे सगळ्या गावाला माहीत आहे, तरी वाटलं.

ईस्टरनंतरच्या सोमवारी मामाने इस्त्रीचा शर्ट घातला. त्याची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून माझ्या गाडीतून निघालो. कॉफीचा डबा त्याने माझ्याकडे दिला, म्हणाला, त्याचे हात मोकळे हवेत.

युर्कोकाकूच्या स्वयंपाकघरात टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरला होता आणि त्यावर रायफल पडली होती. नव्या मोटारीच्या बंपरसारखी पांढरीशुभ्र नळी. दस्त्याला दोन हात व्हार्निश, त्यात खिडकी दिसत होती. आजोबाची अक्षरं मी शोधली. ती लांबी भरून, वर काचपेपर मारून बुजवलेली होती.

“बघ,” काकू म्हणाल्या. “ओळखू येते का?”

“नाही,” मामा म्हणाला. इतकं खरं उत्तर त्याने आयुष्यात दिलं नसेल.

काकू खूश झाल्या. बोटं पुढे केली, चार बोटांना पट्ट्या. “आठवडाभर घासतेय. तारेच्या घासण्या संपल्या माझ्या. मेट्रोने उभ्या जन्मात तिला फडकं लावलं नाही. म्हटलं, पैसे घ्यायचे आणि माणसाला मळकी वस्तू द्यायची? उद्या तू चार लोकांत दाखवणार. लोक म्हणतील, युर्कोच्या घरात धूळ पुसायला बाई नव्हती का?”

“लख्ख झालीय,” मामा म्हणाला.

“मग तोंड असं का केलंस? घाबरू नकोस. घासली म्हणून किंमत वाढवणार नाही मी. नऊशे म्हणजे नऊशे.”

मला ठसका लागला. काकूंनी पाणी दिलं आणि अक्रोडाच्या रोलचे जाड काप समोर ठेवले. मामाने एक खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसऱ्याच्या मध्यावर म्हणाला, “ओल्गा, डबा घरीच विसरलो बघ.”

डबा माझ्या मांडीवर होता. मी त्यावर टोपी ठेवली.

गाडी पुलाजवळ आल्यावर मामा म्हणाला, “अक्षरंसुद्धा बुजवली रे.”

घरी न जाता आम्ही कॉफी प्यायला गेलो, कारण स्टश तिथे असतो. त्याने सगळं ऐकलं, चमचा फिरवला आणि निकाल दिला, “तीनशे. तेही कुणी आंधळा मिळाला तर.”

“माहितीये मला.”

“वेंडेलकडची घे. तीच जात, तशीच नळी. ओल्गाला सांग, डॉक्टरने बंदुका बंद केल्यात.”

“डॉक्टर तिचा भाचा आहे.”

“मग सांग, बायकोने बंद केल्यात.”

“ती बायकोला फोन करेल.”

“अरे, मग मरून दाखव!” स्टश वैतागला. “तुझ्याकडे पैसे एकाच बंदुकीचे, जागा एक. त्यात ते पॉलिश केलेलं लोढणं ठेवणार? मी तुझ्याकडे बघायला यायचा नाही.”

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी वाणसामानाच्या दुकानात लोक ओल्गाला म्हणाले, ऐकलं, बंदूक छान चमकवलीत म्हणे. तिने प्रत्येकाला कोणती घासणी वापरली ते सांगितलं.

मामा दोन दिवस कपाटासमोर स्टूल टाकून बसला. हिशेब सरळ होता. घेतली, तर शेवटची खाच, वर्षानुवर्षांच्या डब्या आणि सगळी वाट पाहणं त्या चकचकीत वस्तूवर जाणार. वेंडेलची घेतली, तर संग्रह नीट पुरा होणार, फक्त त्यात मेट्रोची नसणार. आणि काहीही केलं तरी ओल्गाशी बोलावं लागणार.

बर्नाडीन मामी धुण्याची टोपली घेऊन खाली आली. “तिला सांगून टाक,” ती म्हणाली.

“कसं?”

“तोंडाने.”

“वाईट वाटेल तिला.”

“वाटू दे. आठवडाभर लोखंड घासणारी बाई आहे ती, वाईट वाटून मोडणार नाही. पण सगळं गाव मागे हसतंय आणि तू तोंडावर लख्ख म्हणालास, हे तिला बाहेरून कळलं, तर माझ्याशीही बोलणार नाही. मग अक्रोडाचा रोल तू करणार का?”

बुधवारी परत गेलो. यावेळी डबा मामाने स्वतःच्या हातात धरला. बंदूक अजून त्याच टॉवेलवर होती. मामा बसलाही नाही. बसमध्ये मागच्या बाकावरच्यांना सांगायचा त्याच आवाजात बोलला.

“ओल्गा, ती घासायची नव्हती.”

“म्हणजे?”

“जुन्या बंदुकीला मळ असतो म्हणून किंमत असते. तो गेला, की गेली.”

काकूंनी बंदुकीकडे बघितलं, मग मामाकडे. “म्हणजे मी बिघडवली.”

“हो.”

त्यांनी ओव्हनचं दार उघडलं. आत काहीच नव्हतं. बंद केलं. “आणि परवा म्हणालास छान झाली.”

“लख्ख म्हणालो.”

“डबा विसरलास म्हणालास.”

“तो याच्या मांडीवर होता.”

काकू माझ्याकडे वळल्या. “तूसुद्धा?”

“काकू, मी फक्त गाडी चालवतो.”

“तरीच दुकानात सगळे घासणीचं नाव विचारत होते.” त्या खुर्चीत बसल्या. पट्ट्या लावलेली बोटं एकमेकांत घातली. मला वाटलं आता रडतील, मामालाही वाटलं असावं, तो दाराकडे बघायला लागला. पण त्या म्हणाल्या, “परत मळवता येते का?”

“येते.”

“कशाने?”

“हाताने. घामाने. पावसात, जंगलात न्यायची आणि आणून पुसायची नाही.”

“किती दिवस लागतात?”

“मेट्रोला, त्याच्या बापाला आणि आजोबाला मिळून शंभर वर्षं लागली.”

“मग इथे काय उभा राहिलायस? सत्तरी उलटली तुझी. आधीच उशीर झालाय.”

मामाने डबा टेबलावर ठेवला. “नऊशे ठरलेत.”

“ते चांगल्या मालाचे. बिघडवलेला माल विकून नऊशे घेऊ? युर्कोची सून आहे मी. किती येतात आता?”

“तीनशे,” मी म्हणालो, आणि मामाने माझ्याकडे असं बघितलं की मला बसमधली माझी जागा आठवली.

मग सौदा उलटा सुरू झाला. मामा आठशे म्हणाला, काकू तीनशे. मामा सातशे म्हणाला, काकू म्हणाल्या, असाच हट्ट करणार असशील तर अडीचशे. मी बाजारात इतका हिंडलोय, पण विकणारी खाली ओढतेय आणि घेणारा वर चढवतोय असं कुठे पाहिलं नाही. शेवटी काकूंनी टेबलावर हात आपटला.

“चारशे. आणि दर मोसमाला हरणाच्या मांसाचा वाटा. मेट्रो गेला, आता मला दुकानातली सॉसेजं आणावी लागतात. त्यांत भुसा असतो.”

“मांस आणून देईन. मुलाला सांगतो मारायला.”

“मुलाला कशाला? हिनेच मार.”

“मी संग्रहातल्या बंदुका झाडत नाही, ओल्गा.”

“ही आता कुठली संग्रहातली? तूच म्हणालास ना, गेली म्हणून.”

मामाने चारशे मोजून ठेवले, बंदूक टॉवेलसकट उचलली. काकूंनी टॉवेल काढून घेतला.

डब्यात पाचशे उरले. वेंडेलला कुठूनतरी कळलं, त्याने किंमत उतरवून निरोप धाडला. मामा बघून आला, रिकाम्या हाताने. स्टशने विचारलं तर म्हणाला, “स्क्रू चेपलेले आहेत.” पहिल्यांदा बघताना नव्हते, पण स्टशने तो विषय काढला नाही.

मेट्रोची रायफलही दहाव्या खाचेत गेली नाही. तिथल्या सुक्या हवेत ती जन्मभर तशीच चकाकत राहिली असती. धुण्याच्या मशीनशेजारी एक कुलपाचं अरुंद कपाट आहे, तळघरातला सगळ्यात दमट कोपरा. मामाने तिला तिथे ठेवलं. रोज संध्याकाळी बाहेर काढून, चालताना धरायची तिथे उघड्या हाताने धरून तो बातम्या बघायचा. “तीस वर्षं गंज लागू नये म्हणून वीज जाळली या घरात,” मामी म्हणाली, “आणि आता गंज लागावा म्हणून बसलाय.” तिने छत्री आणून दहाव्या खाचेत उभी केली. मामाने बघितलं. त्या रात्री त्याने मीठ मागितलं.

मोसमाच्या पहिल्या दिवशी बर्फमिश्रित पाऊस होता. मेट्रो बसायचा त्याच कड्यावर मामा एक हातमोजा काढून बसला. त्या दिवशी काही मिळालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. एवढं चकाकतं लोखंड हरणाला पुढच्या जिल्ह्यातून दिसतं, असं स्टशचं म्हणणं. शनिवारी मात्र एक लहानसं शिंगाचं हरीण पडलं. कित्येक वर्षांत मामाने स्वतः मारलेलं पहिलं. संध्याकाळी मांसाचा वाटा कागदात बांधून आम्ही युर्कोकाकूंकडे गेलो. बंदूक दाखवायला हवी, म्हणून रिकामी करून तीही घेतली.

काकूंनी मांस दाबून बघितलं, ठीक आहे म्हणाल्या, फ्रीजमध्ये ठेवलं. मग बंदूक दिव्याखाली धरायला लावली आणि नाक लावून तपासली. नळीच्या खालच्या बाजूला, हात येतो तिथे, नाण्याएवढा तपकिरी डाग पडला होता.

“हा?”

“हा.”

“एवढासाच?”

“सात महिने झाले फक्त.”

काकू डागाकडे बघत राहिल्या. बघता बघता त्यांचा हात आपोआप ओट्यावरच्या फडक्याकडे गेला.

“हात लावायचा नाही!” मामा ओरडला, अगदी बसमधला आवाज. मी मागे सरकलो. ओल्गा युर्कोंनी फडकं टाकलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“नाही लावत,” त्या म्हणाल्या. पण नजर डागावरच होती.